बेचाळीसची बातमी आणि आपण

ऑगस्ट महिना आला की आपल्या कार्यकर्त्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. बेचाळीस साली सारा देश पेटला होता, तेव्हा तुमचे बाबासाहेब कुठे होते? विचारणाराला उत्तर ठाऊक असते. बाबासाहेब त्या वर्षीच्या जुलैत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून गेले होते, ही गोष्ट कोणी कधी लपवलेली नाही. प्रश्न माहितीसाठी नसतोच. तो आरोप असतो, आणि आरोप करणाराच्या खिशात बहुधा त्या काळातल्या एखाद्या वृत्तपत्राचे कात्रण असते.

या कात्रणाला आपल्याकडून दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. एक, ती वृत्तपत्रे ब्राह्मण-बनियांची होती, तेव्हा त्यांतले सगळेच खोटे. दोन, हे घ्या आमचे कात्रण, ‘जनता’तले. मी इतिहास शिकवतो, आणि वर्गात ही दोन्ही उत्तरे ऐकून घेतो. पहिल्यात अर्धे सत्य आहे आणि पुष्कळसा आळस आहे. दुसऱ्याने वाद मिटत नाही, कारण कात्रणासमोर कात्रण ठेवले की ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो, आणि मोठा आवाज कोणाचा हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणून युद्धकाळातली बातमी वाचायची कशी, हे एकदा मुळापासून पाहणे भाग आहे.

बातमी येई कशी, येथून सुरुवात करू. १९४२ साली मुंबई-पुण्याच्या मराठी दैनिकात इजिप्तच्या किंवा ब्रह्मदेशाच्या आघाडीची जी बातमी छापली जाई, ती बहुधा लंडनच्या रॉयटरची असे. तिथे ती ब्रिटिश सेन्सॉरच्या हाताखालून जाई. मग तारेने हिंदुस्थानात येई, आणि इथे असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया ती वाटे. ही संस्था उभी केली के. सी. रॉय यांनी, पण पुढे ती रॉयटरच्याच ताब्यात गेलेली होती. बातमी इंग्रजीत येई, आणि रात्रपाळीचा उपसंपादक घाईघाईत तिचे मराठी करी. आज आपल्यासमोर चार दैनिकांची चार कात्रणे असतात आणि आपण म्हणतो, चौघांनीही हेच लिहिले आहे. पण तो चौघांचा साक्षीपुरावा नाही. एकाच साक्षीदाराची ती चार भाषांतरे आहेत.

त्या वृत्तसंस्थेच्या कचेरीत टेबलावर कोण बसले होते, याकडे बाबासाहेबांनी १९४५ साली स्पष्टपणे बोट दाखवले. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, याची झाडती घेणाऱ्या ग्रंथात त्यांनी लिहिले की त्या संस्थेचा नोकरवर्ग मद्रासी ब्राह्मणांचा आहे व त्याचा ओढा काँग्रेसकडे आहे. जाहिराती देणारा व्यापारी वर्ग काँग्रेसशी बांधलेला असल्यामुळे अस्पृश्यांना स्वतःचे वृत्तपत्र जगवणे कठीण जाते, हेही तिथेच सांगितले. १९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे मोजूनही ‘केसरी’ने छापली नव्हती. ही कथा आपल्या पोराटोरांनाही पाठ आहे. तिच्यातून फक्त संताप घ्यायचा नाही, वाचनाची एक रीतही घ्यायची आहे. तारेचे वरचे टोक साम्राज्याच्या हातात आणि खालचे टोक सवर्णांच्या हातात होते. दोघांचे भांडण जिथे होते तिथे एकाचे खोटे दुसरा उघडे पाडी. दोघांनाही ज्याचे सोयरसुतक नव्हते, ती बातमी तारेवर चढतच नसे. तेव्हा कात्रणात आपल्याविषयी जे छापले आहे त्याची जशी तपासणी करायची, तशीच जे छापलेच नाही त्याचीही करावी लागते. वृत्तपत्रात उल्लेख नाही म्हणून दलितांनी काही केले नाही, असा निष्कर्ष काढणारा इतिहासकार आंधळ्या साक्षीदाराला विचारतो आहे की तिथे काही दिसले का.

सरकारचा पहारा वेगळाच. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ३ सप्टेंबर १९३९ रोजी या देशाला कोणालाही न विचारता युद्धात ओढले आणि पाठोपाठ भारत संरक्षण कायदा आला. १९४० मध्ये अखिल भारतीय संपादक परिषद स्थापन झाली व तिचा सरकारशी समझोता झाला. संपादकांनी स्वतःहून संयम पाळायचा, सरकारने शक्यतो कात्री चालवायची नाही. हा समझोता ८ ऑगस्ट १९४२ च्या हुकमाने जवळजवळ निकालात निघाला. जनआंदोलनाविषयीची बातमी एकतर सरकारी सूत्रांकडून आलेली, किंवा असोसिएटेड प्रेस, युनायटेड प्रेस वा ओरिएंट प्रेसने दिलेली, नाहीतर जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे नाव नोंदवलेल्या बातमीदाराने पाठवलेली असली तरच छापता येई. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ज्या तालुक्यात नोंदलेला बातमीदार नव्हता, तिथे गोळीबार झाला तरी छापील कागदावर तो झालाच नव्हता. लखनौच्या ‘नॅशनल हेरल्ड’ने छापणेच थांबवले, ते १९४५ पर्यंत.

जी पत्रे निघत राहिली त्यांच्या बातम्यांची क्रियापदे पाहण्याची सवय मी विद्यार्थ्यांना लावतो. ‘झाले’ आणि ‘केले’ ही एक जात. ‘समजते’, ‘कळते’, ‘बोलले जाते’, ‘अधिकृत गोटातून सांगण्यात येते’ ही दुसरी. मथळा बहुधा पहिल्या जातीचा असतो आणि मजकूर दुसऱ्या जातीचा. कात्रण कापणारे नेहमी मथळाच कापतात!

आता एक उदाहरण घेऊ, ज्यात आपला कोणाचाच स्वार्थ गुंतलेला नाही. सुभाषचंद्र बोस १९४१ मध्ये देशाबाहेर निसटले होते, आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यानंतर बर्लिनहून स्वतःच्या नावाने रेडिओवर बोलू लागले. मार्चच्या अखेरीस रॉयटरने बातमी दिली की विमान अपघातात सुभाषबाबू गेले. त्या सुमारास जपानकडे निघालेले काही हिंदी लोक खरोखरच विमान अपघातात मरण पावले होते, त्यांत सुभाषबाबू मात्र नव्हते. गांधींनी त्यांच्या आईला सांत्वनाची तार केली. क्रिप्स त्याच दिवसांत दिल्लीत वाटाघाटी करत होते, आणि गांधींनी त्या तारेत सुभाषबाबूंचा केलेला गौरव त्यांना खटकला, असे मौलाना आझादांनी नमूद केले आहे. म्हणजे एका खोट्या बातमीने चालू राजकीय बोलण्यांत खडा टाकला. मग सुभाषबाबू स्वतः रेडिओवर बोलले आणि आपण जिवंत असल्याचे त्यांनीच सांगितले.

या प्रकरणात जगात अत्यंत भरवशाची समजली जाणारी वृत्तसंस्था चुकली आणि हिटलरच्या राजधानीतून बोलणारा प्रचाराचा रेडिओ खरे सांगत होता. म्हणून बर्लिन रेडिओ विश्वसनीय ठरला काय? अजिबात नाही. त्या रेडिओवरून यहुदी लोकांविषयी जे विष ओकले जात होते त्याचे परिणाम जगाने पाहिले. पण ‘मी जिवंत आहे’ हे वाक्य ज्याचा आवाज हजारो लोक ओळखतात त्या माणसाने उच्चारले, तर सांगणारा रेडिओ कोणाचा याला फारसे महत्त्व उरत नाही. वृत्तसंस्थेवर किंवा केंद्रावर एकदाच शिक्का मारून चालत नाही. प्रत्येक बातमीमागे ती खरी-खोटी कळण्याची काय सोय आहे, हे पुन्हा पुन्हा विचारावे लागते.

त्या खोट्या बातमीची किंमत तीन वर्षांनी चुकवावी लागली. १८ ऑगस्ट १९४५ च्या तैहोकू येथील अपघातात सुभाषबाबू गेले असे जपानच्या डोमेई संस्थेने २३ ऑगस्टला जाहीर केले, तेव्हा लोकांनी ते मानलेच नाही. १९५६ ची शहानवाझ समिती आणि १९७४ चा खोसला आयोगाचा अहवाल यांनी अपघात मान्य केला. १९९९ साली नेमलेल्या मुखर्जी आयोगाने तो अमान्य केला आणि २००६ मध्ये सरकारने मुखर्जी आयोगाचा निष्कर्ष फेटाळला. साठ वर्षे हा घोळ चालला. त्याला इतर कारणे आहेतच, पण एकदा फसलेल्या माणसाचा अविश्वास हे त्यांतले मोठे कारण आहे.

आता विदर्भात येऊ. चांदा जिल्ह्यातील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी, १६ ऑगस्ट १९४२. चिमूरला जमावावर गोळीबार झाला, आणि चिडलेल्या जमावाने सरकारी अधिकारी व पोलीस ठार मारले. त्यानंतर गावात लष्कर शिरले. पुरुषांची धरपकड झाली, आणि बायकांवर सैनिकांनी बलात्कार केल्याची वार्ता हळूहळू बाहेर आली. सरकारी कागदात जमावाने मारलेले अधिकारी ठळक आहेत, बायका नाहीत. राष्ट्रीय म्हणवणाऱ्या कथनात बायकांची विटंबना आहे आणि मारले गेलेले अधिकारी ओळीच्या फटीत गेले आहेत. दोन्ही वाचल्याशिवाय चिमूर कळत नाही.

मग बायकांवरील अत्याचाराची गोष्ट खरी कशावरून? मध्यप्रांत सरकारने चौकशीच नाकारली. मुंबईत चोरून चालणाऱ्या काँग्रेस रेडिओने चिमूरचे वृत्त दिले. तो रेडिओ उषा मेहता व त्यांचे सहकारी चालवत, आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. पण काँग्रेस रेडिओचे कामच मुळी सरकारविरुद्ध लोकांना उठवणे हे होते. त्याच्या शब्दावर एकट्यावर मी निवाडा देणार नाही. मला जास्त वजनाची वाटते ती डॉ. मुंजे यांची साक्ष. मुंजे हिंदू महासभेचे पुढारी. महासभा तेव्हा ‘छोडो भारत’च्या बाहेर होती आणि हिंदू तरुणांनी सैन्यात भरती व्हावे असा तिचा आग्रह होता. नाशिकची लष्करी शाळा मुंज्यांनीच काढलेली. आपल्याला त्यांच्याविषयी प्रेम असण्याचे काहीच कारण नाही. पण ते चिमूरला जाऊन आले आणि सैनिकांच्या वर्तनाविरुद्ध बोलले. सैन्याची बाजू घेण्यात ज्याचे राजकारण होते, तो सैन्याविरुद्ध बोलतो, तेव्हा त्याची साक्ष दहा विरोधकांच्या साक्षीपेक्षा भारी ठरते. माणूस स्वतःच्या सोयीविरुद्ध काय बोलतो हे शोधा, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो ते यामुळेच.

प्रा. भन्साळी यांनी चौकशीच्या मागणीसाठी उपोषण आरंभले. पहिला धरणा दिला तो दिल्लीत बापूजी अणे यांच्या दारात, कारण अणे विदर्भाचे आणि व्हाइसरॉयच्या मंडळाचे सभासद. सरकारने उपोषणाच्या आणि चिमूरच्या बातम्यांवर बंदी घातली. तेव्हा संपादक परिषदेने ६ जानेवारी १९४३ रोजी वृत्तपत्रांचा एक दिवसाचा हरताळ पुकारला आणि व्हाइसरॉयच्या घरची परिपत्रके, नववर्षाच्या पदव्यांची यादी असा मजकूर न छापण्याचे ठरवले. १२ जानेवारीला, त्रेसष्टाव्या दिवशी, मध्यस्थीने उपोषण सुटले आणि बंदी उठली. सवर्ण वृत्तपत्रांनी केलेली ही गोष्ट चांगली होती, असे म्हणायला आपली जीभ अडखळू नये. तरीही एक गोष्ट उरते. चिमूरच्या बायकांचे म्हणणे आपल्यापर्यंत पोचते ते मुंज्यांच्या, भन्साळींच्या, भेटीला गेलेल्या शहरी महिलांच्या आणि नकार देणाऱ्या सरकारच्या तोंडून. साक्ष त्यांची, पण लेखणी नेहमी दुसऱ्याची. ज्या समाजाच्या हातात स्वतःची लेखणी पिढ्यान्‌पिढ्या नव्हती, त्याला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही.

मालक कोण यावरून बातमी तोलणाऱ्यांनी त्याच वर्षीच्या बंगालकडे पाहावे. १९४३ च्या दुष्काळात माणसे कलकत्त्याच्या फुटपाथवर मरत होती, आणि सरकारला ‘दुष्काळ’ हा शब्दसुद्धा नको होता. त्या प्रेतांची छायाचित्रे २२ ऑगस्ट १९४३ ला छापली ‘स्टेट्समन’ने. ते पत्र इंग्रजांच्या मालकीचे, संपादक इयन स्टीफन्स इंग्रज, आणि युद्धप्रयत्नाला पाठिंबा देणारे. हुकूम शब्दांवर होता, छायाचित्रांचा विचार त्यात झाला नव्हता, ती फट त्याने बरोबर हेरली. कम्युनिस्टांचे ‘पीपल्स वॉर’ आणि त्याचे मराठी भावंड ‘लोकयुद्ध’ हीदेखील युद्धाच्या बाजूची पत्रे. पण ‘पीपल्स वॉर’नेही दुष्काळ उघडपणे मांडला. चित्तप्रसादांचे ‘हंग्री बेंगॉल’ हे चित्रांचे पुस्तक मात्र सरकारने जप्त करून जाळले. वुडहेड आयोगाने १९४५ मध्ये मृत्यूंचा आकडा १५ लाख दिला, पुढे अमर्त्य सेन यांनी तो ३० लाखांच्या घरात नेला. मेले कोण, तर मुख्यतः भूमिहीन शेतमजूर, कोळी, भात कांडणाऱ्या बाया. ती माणसे कोणत्या वस्त्यांतली असतात हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता मूळ आरोपाकडे वळतो. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधींनी आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचे उपोषण केले. १७ फेब्रुवारीला अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी व्हाइसरॉयच्या मंडळाचे राजीनामे दिले. बाबासाहेबांनी दिला नाही. कात्रणे बहुधा या आठवड्यातली असतात. घटना खरी आहे. पण कात्रणाच्या आधी महिनाभर, १८ जानेवारीला, पुण्यात रानड्यांच्या जन्मदिनाच्या व्याख्यानात बाबासाहेबांनी वृत्तपत्रांच्या विभूतिपूजेवर आणि पत्रकारितेचा धंदा झाल्यावर कोरडे ओढले होते, आणि ज्यांच्यावर कोरडे बसले तेच पुढे त्यांच्याविषयी बातमी लिहीत होते. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याविषयी माणूस लिहितो तेव्हा घडलेली गोष्ट घ्यावी, तिचे कारण घेऊ नये. राजीनामा दिला नाही, ही घडलेली गोष्ट. ‘इंग्रजांचा हस्तक म्हणून दिला नाही’, हे संपादकाने जोडलेले कारण.

हाच नियम आपल्या घरातही चालवावा लागेल, नाहीतर दुसऱ्याला सांगण्याचा आपला अधिकार जातो. १९४२ च्या अखेरीस बाबासाहेबांनी मुंबई रेडिओवरून भाषण केले की हिंदी कामगाराने हे युद्ध जिंकलेच पाहिजे. नाझी व्यवस्था तर नकोच, पण जुनी व्यवस्थाही परत नको, स्वातंत्र्य, समता व बंधुत्व यांवर उभी नवी व्यवस्था हवी, असा त्याचा आशय. विचार म्हणून ते भाषण आजही वाचावे असे आहे. पण रेडिओ सरकारी होता आणि वक्ता मंत्री होता. कामगारांना खरोखर काय वाटत होते याचा पुरावा म्हणून ते वापरता येत नाही. तो पुरावा गिरण्यांच्या दारात शोधायचा.

त्याहून अवघड गोष्ट पुढची आहे. आपल्या स्मरणिका आणि गौरवग्रंथ मजूरमंत्री बाबासाहेबांची कामे सांगतात ती खरी आहेत. त्रिपक्षीय कामगार परिषद १९४२ पासून, सेवायोजन कार्यालये, १९४६ चा अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा. पण १९४३ साली, कोळशाच्या टंचाईमुळे, बायकांनी खाणीच्या पोटात काम करण्यावर असलेली बंदी सरकारने उठवली आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्या निर्णयाचे समर्थन बाबासाहेबांनी केले, हे त्या पानांवर क्वचितच आढळते. युद्धकाळातली तात्पुरती निकड हे त्यांनी दिलेले कारण. बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल याची हमीही त्यांनी दिली.

हे कळते कशावरून? कोणत्याही वृत्तपत्रावरून नव्हे. कायदेमंडळाच्या शब्दशः कामकाजावरून. मला हे साधन प्रसिद्धीपत्रकापेक्षा, रेडिओपेक्षा आणि अग्रलेखापेक्षा भरवशाचे वाटते, कारण तिथे विरोधक समोरच बसलेला असतो आणि वाक्य पुरे होण्याआधी उठून तोडू शकतो. त्या दिवशी विरोधक उठले, बोलले, आणि बाबासाहेबांनी त्यांना उत्तर दिले. दोन्ही बाजू एकाच कागदावर आहेत. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात हा मजकूर कोणालाही वाचता येतो. कोणत्याही जिल्हा ग्रंथालयात विचारून पाहावे.

ती बंदी १ फेब्रुवारी १९४६ पासून पुन्हा लागू झाली. बाबासाहेब तेव्हाही मजूरमंत्रीच होते. बंदी उठल्याचे साल जिथे छापू, तिथे त्याच ओळीत ही तारीखही छापावी.